सहा फुटांचं चित्र आणि दोन वर्षांची गॅरंटी

मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो आला. चित्राचा खालचा काळा भाग सुरकुतलेला, मध्येच भेगा पडलेल्या, आणि डाव्या कोपऱ्यातून एक काळा ओघळ चौकटीवर उतरलेला. खाली एक ओळ: "मॅडम, हे असं होणं नॉर्मल आहे का?" नॉर्मल नव्हतं. का झालं ते फोटो बघताक्षणी मला कळलं. हे आपण फेब्रुवारीतच विचारायला हवं होतं, हेही कळलं.

आमच्या वसाहतीतल्या चित्रकारांची घरं दोन दिवस सगळ्यांसाठी उघडी ठेवायची, हा प्रकार आम्ही गेल्या वर्षी फेब्रुवारीत पहिल्यांदा केला. तेव्हापासून लातूर-नांदेडकडचे ओळखीचे लोक विचारतात, कसं केलंत? त्यांचे प्रश्न असतात गाड्या कुठे लावल्या, चहाचा खर्च कोणी केला, शेजारी कुरकुरले का. किमती कशा लावल्या हे अजून एकानंही विचारलेलं नाही. आमचं सगळं बिघडलं ते तिथूनच, म्हणून हे प्रकरण लिहून काढते आहे.

पेंटरमामा

आमची वसाहत छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली, अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या बैठ्या घरांची. बहुतेकांनी आता वर एक-दोन मजले चढवलेत. पेंटरमामांनी नाही. पुढे ओटा, मग दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड. माझ्या घरापासून चौथं घर.

मामा एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून पेंटर म्हणून निवृत्त झाले. दापोडी, हिंगणा आणि चिकलठाणा अशा महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा. इथे नुसत्या चासीवर गाडीची बॉडी चढते. रंग मारून झाला की अक्षरवाल्याचं काम सुरू: सीटचे नंबर, 'धूम्रपान मनाई', राखीव जागा. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' हे मामांनी नोकरीत किती वेळा लिहिलं याचा हिशेब त्यांनीही सोडून दिलाय. घराच्या मागच्या दाराला आतून तेच लिहिलेलं आहे, गाडीत असतं त्याच मापात आणि त्याच वळणात. त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त फोटो निघाले ते या दाराचे. आणि आदल्या दिवशी मी त्यावर पडदा लावायला निघाले होते, चित्रांवरचं लक्ष जाईल म्हणून. मामींनी पडदा दिला नाही, एवढंच नशीब.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मामांना सतरा वर्षं ओळखते. हाय सिक्युरिटी प्लेटा यायच्या आधी माझ्या स्कूटीची नंबरप्लेटही त्यांनीच रंगवली होती. पण हा माणूस चित्रं काढतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही घरांची यादी करत होतो तेव्हा मामीच म्हणाल्या, "यांची बी हाईत की, कपाटामागं."

कपाटामागे एकोणीस चित्रं निघाली. सगळी हार्डबोर्डवर.

पत्रकात मी त्यांच्या नावापुढे 'स्वयंशिक्षित चित्रकार' असं छापलं. ते अर्धं खोटं आहे. अक्षर ते जिंतूरला एका पेंटरच्या दुकानात हाताखाली राहून शिकले, मग आयटीआयला पेंटरचा ट्रेड केला. चित्र मात्र कोणी शिकवलं नाही. शाळेत असताना एलिमेंटरीला बसले नाहीत, इंटरमिजिएटचं तर सोडाच. त्यामुळे होतं असं, की त्यांच्या चित्रातली बस यथार्थदर्शनात तंतोतंत बसते आणि माणूस कशातच बसत नाही. बसचा प्रत्येक रिव्हेट त्यांच्या हाताला पाठ आहे. माणसं काढायची त्यांची पद्धत वेगळी. आधी तो सगळा भाग काळा करून घ्यायचा आणि रंग ओला आहे तोवर फडक्यानं पुसून त्यातून माणूस बाहेर काढायचा. जिथे जास्त पुसलं तिथे प्रायमरचा पांढरा दिसतो, कमी पुसलं तिथे तपकिरी झाक राहते. माणसावर रंगाचा एक वेगळा फटकारा नसतो. मी वर्गात पोरांना वीस वर्षं पेन्सिलनं आकृतिबंध शिकवते आहे, आणि हे बघून जरा गप्पच झाले.

किमती

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मामांकडे गेले तर प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी लावून तयार. सुंदर अक्षर. फूट म्हणजे चौरस फूट. '२ x ३, ६ फूट, २४००.' '१।। x २, ३ फूट, १२००.' आणि पिठाच्या डब्यावर टेकवलेल्या नऊ बाय बारा इंचाच्या एका इवल्या चित्राखाली 'पाऊण फूट, ३००'. हे छोटं चित्र करायला त्यांना दोन महिने लागले होते.

मी म्हटलं, "मामा, चित्राची किंमत फुटावर नसते."

"ताई, बोर्डाचा रेट फुटावर राहतो. चित्राचा काहून नाही?"

याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आजही नाही. मोठमोठ्या दालनांतसुद्धा एकाच चित्रकाराचं मोठं चित्र महाग आणि छोटं स्वस्त असतंच. फक्त तिथे कोणी टेप काढून दाखवत नाही. पण आम्हा आयोजकांचं आधीच ठरलं होतं की तीन हजारांच्या खाली कुठलंही चित्र जाता कामा नये, नाहीतर 'कलेची किंमत राहत नाही'. हे वाक्य माझंच. मी त्या चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या लावल्या. सहा फुटांच्या चित्राला ४५०० लिहिले.

मामा बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढे पैसे घ्यायचे म्हणल्यावर गॅरंटी बी द्यावी लागंल."

मी हसले. त्यांनी चित्र उलटं केलं, मार्करनं मागे मोबाईल नंबर लिहिला आणि खाली लिहिलं: '२ वर्षं. काही झालं तर कळवा.' मला ते इतकं गोड वाटलं की मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळची. सात घरांकडे जायचे बाण असलेले सात बोर्ड मामांनीच केले होते, प्रत्येकी दीड फुटाचा. त्याचं बिल त्यांनी मला दिलं: साडेदहा फूट, फुटाला १२०, एकूण १२६०. जराही संकोच नाही. चित्राचे २४०० मागताना जो माणूस आवाज खाली आणत होता, तो बोर्डाचे १२६० मात्र छातीठोकपणे मागत होता. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्यातून काही वाचलं नाही.

विक्री

दोन दिवसांत मामांच्या घरी शंभरेक माणसं येऊन गेली असतील. मामींनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला चुरमुऱ्यांचा सुशीला दिला; दुपारी चुरमुरे संपले तेव्हा कुठे नुसत्या चहावर आल्या. लोक सुशीला खात खात चित्रं बघत होते. एकानं तेलकट बोट लावलंच. मामांनी ते बनियनच्या टोकानं पुसून टाकलं.

वाळूजला नोकरी करणारं एक जोडपं रविवारी दुपारी आलं. त्यांना सहा फुटांचं चित्र आवडलं. परभणीचं स्टँड, पहाटेची वेळ, तीन लाल गाड्या, नुकता पाऊस पडून गेलेला, ओल्या काळ्या जमिनीवर हेडलाइटचे पिवळे पट्टे. डाव्या कोपऱ्यात सिमेंटचा बाक आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन, तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला एक माणूस. बाई बराच वेळ त्या कोपऱ्यासमोर उभ्या होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "याच्यासाठी घेऊ या."

पैसे मामांच्या मुलाच्या नंबरवर फोनवरूनच गेले. पावती आम्ही दिली. पावतीवर नाव, रक्कम, तारीख. रंग कोणता वापरलाय, चित्र कधी काढलं, कुठे टांगावं, यातलं काही नाही. मामांनी जाताना पुन्हा सांगितलं, काही झालं तर घेऊन या. ती दोघं हसली. माझ्यासारखीच.

काळा

आता तो काळा रंग.

मामा चित्रासाठी लाल-पिवळा एनॅमल वापरतात आणि काळ्यासाठी ब्लॅक जपान. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, लोखंडी जाळ्यांना, गेटला मारतात. चासीला मारायचा काळा म्हणून मामांना तो नोकरीतूनच माहीत. ट्यूबमधल्या काळ्याला ते 'मेलेला काळा' म्हणतात. खरं आहे. जपान पातळ केला की त्यातून एक उबदार, पारदर्शक तपकिरी उतरतो, जो आयव्हरी ब्लॅकमधून सात जन्मांत येणार नाही. याच मोहाला युरोपातले चित्रकारही बळी पडले होते, कारण जपानच्या मुळाशी जे डांबर आहे तेच त्यांच्याही रंगपेटीत होतं. फ्रेंच चित्रकार जेरिकोनं १८१९ मध्ये पुरं केलेलं 'राफ्ट ऑफ द मेडुसा' पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे; त्यातला डांबरी रंग काळवंडत आणि बिघडत गेला, तो परत आणता येत नाही.

कारण साधं आहे. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो. डांबर असं कधी पुरतं वाळत नाही, आतून मऊच राहतं. उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तसंच. त्यावर मामांनी एनॅमलचे पिवळे पट्टे ओढलेले. एनॅमल वर कडक झालं, खालचं डांबर हलत राहिलं, मग वरचं फाटणारच. चित्रकलेतला 'आधी रुक्ष, मग तेलकट', म्हणजे खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त, हा नियम याचसाठी असतो. एप्रिलअखेर काळ्या रानाला पडतात तशाच भेगा. त्यात वाळूजच्या फ्लॅटमध्ये चित्र टांगलं होतं पश्चिमेच्या भिंतीवर. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो; दुपारी चारनंतर त्या भिंतीला हात लावून बघा. मामांच्या घरी तेच चित्र तीन वर्षं कपाटामागे, गार अंधारात, सुखात होतं.

मी बाईंना कळवलं: चित्र उतरवा, सावलीत आडवं ठेवा, हात लावू नका, मी चित्रांची दुरुस्ती करणारं कोणी शोधते. हा सल्ला बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. फक्त त्यांच्याजवळ दुसरा नंबर होता, चित्राच्या पाठीवर.

मामा दुसऱ्याच दिवशी लुनावरून वाळूजला गेले, चित्र गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. मला कळलं ते अकरा दिवसांनी, चित्र परत पोचल्यावर.

त्यांनी बोर्डाचं करतात तेच केलं होतं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, डांबर विरघळलं, लांबी भरायच्या पट्टीनं खरवडलं, काचपेपर मारला, नवा प्रायमर, आणि वर ट्यूबमधला काळा. मनाविरुद्ध, 'मेलेला' काळा. हेडलाइटचे पट्टे नव्यानं ओढले, आधीपेक्षा सफाईदार. काम म्हणून बघितलं तर चोख. गाड्या जशाच्या तशा. बाक जसाच्या तसा.

बाकावर कोणी नव्हतं.

ओट्यावरची बैठक

त्या रविवारी ती दोघं चित्र घेऊन मामांकडे आली. मलाही बोलावलं. बाई चिडल्या नव्हत्या; नवरा चिडला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: आम्ही एक वस्तू विकत घेतली, ती दुरुस्तीला दिली, आणि तुम्ही दुसरीच वस्तू परत दिलीत.

मामा म्हणाले, "काळ्यातच होता ना तो. काळं गेलं, माणूस गेला."

"मग परत काढा."

"नाही येणार."

"तुम्हीच काढला होता ना?"

"अक्षर पुसलं तर दहा बार तसंच काढून देईन. डोळे मिटून देईन. तो माणूस मला तसा येणार नाही. दुसराच कोणी येईल. दुसरा झोपवून तुम्हाला तोच म्हणून काहून देऊ?"

बाई पहिल्यांदा बोलल्या. "मग बाक कशाला ठेवलात?"

"बाक तर स्टँडवर हायच की."

मी मध्यस्थी करायला अजिंठ्याचं उदाहरण दिलं. आपल्याकडे निजामाचं राज्य असताना १९२० ते १९२२ या काळात सेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याची भित्तिचित्रं वाचवायला आणले होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी धरून ठेवला, ते मोठंच काम. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही चढवलं, ते पुढे पिवळं पडून चित्रं झाकोळली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. म्हणजे दुरुस्तीत असं होतं, भल्याभल्यांकडून होतं.

नवरा म्हणाला, "हो, पण त्यांनी पद्मपाणीला पुसून नाही टाकलं."

मी गप्प बसले.

आमच्या गल्लीत एक वकील राहतात, ते पेपर टाकून येऊन बसले होते. त्यांना यातली गंमत वेगळीच वाटली. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७: कलाकृती विकली तरी तिची मोडतोड करून कलावंताची बदनामी होऊ नये, हा हक्क कलावंताकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये काढून टाकलं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पाच लाखांची भरपाईही. "कायदा मालकापासून चित्राला वाचवतो," वकील म्हणाले, "चित्रकारापासून वाचवायचं कलम मला तरी आठवत नाही." यानं कोणाचंच समाधान झालं नाही, पण चहा येईपर्यंतचा वेळ गेला.

माझं मत विचाराल तर नवऱ्याची तक्रार रास्त होती. मामांची चूक एकच: खरवडायच्या आधी एक फोन करायला हवा होता. पण आपण त्यांना भोळं समजतो तिथे फसतो. बोर्ड आणि चित्र यांतला फरक त्या ओट्यावर सगळ्यात स्वच्छ त्यांनीच सांगितला. ज्याला फरक कळत नाही त्यानं मुकाट्यानं दुसरा माणूस झोपवून दिला असता आणि प्रकरण मिटलं असतं. गॅरंटी त्यांनी दिली ती किमतीमुळे, आणि किंमत माझी होती. २४०० ला ते चित्र गेलं असतं तर पाठीवर नंबर लिहिलाच गेला नसता. बाईंनी माझं ऐकलं असतं, चित्र आडवं पडून राहिलं असतं, भेगा पडलेलं, चिकट, पण त्या माणसासकट. आणि रंग कोणता, एवढं फेब्रुवारीत मी विचारलं असतं तर पश्चिमेची भिंत तरी टळली असती. हे विचारणं माझंच काम होतं. तिथे जमलेल्यांत डांबराचं काय होतं हे पुस्तकातून वाचलेली मी एकटीच होते.

मामा आत गेले. मामींनी डब्यातून नोटा काढल्या, मामांनी त्या ओट्यावर मोजल्या: ४५००. नवरा भांडायच्या तयारीनं आला होता, पैसे समोर आल्यावर त्याची पंचाईत झाली. अर्धेच घेतो म्हणाला. मामा ऐकेनात, गॅरंटी म्हणजे गॅरंटी. शेवटी बाईंनी पैसे पर्समध्ये ठेवले आणि निघताना त्या कोपऱ्याचा, रिकाम्या बाकाचा, मोबाईलवर फोटो काढला. का, ते मी विचारलं नाही.

वरचे २१०० आमच्या शहाणपणाचे होते, म्हणून आयोजकांनी वर्गणी काढून ते मामांना दिले. घेईनात. दोन दिवसांनी स्वतःच माझ्या दारात आले: "ताई, हे पुढच्या साली बोर्डाचा ॲडव्हान्स म्हणून धरतो. साडेसतरा फूट होतात."

यंदा

यंदा अकरा घरं झाली. अकरा बोर्ड, साडेसोळा फूट. किमती ज्यानं त्यानं लावायच्या असं ठरलं, आणि पावतीमागे रंग, चित्र कशावर काढलंय ते, वर्ष आणि 'उन्हाच्या भिंतीवर टांगू नये' या ओळी आल्या. मामांच्या चिठ्ठ्या पुन्हा फुटावर. रिकाम्या बाकाचं चित्र पिठाच्या डब्यावर, खाली '६ फूट, २४००'. ते गेलं नाही. पाऊण फुटाचं मात्र ३०० ला गेलं, आणि मी दात-ओठ आवळून बघत राहिले.

ॲडव्हान्समधला एक फूट उरला होता. त्यात मामांनी स्वतःच्या दारासाठी एक बोर्ड केला आणि हिशेब मिटला म्हणून कळवलं. 'बोर्ड: गॅरंटी २ वर्षं. चित्र: गॅरंटी नाही.' अक्षर एसटीचं.

शेडमध्ये ब्लॅक जपानचा नवा डबा दिसला. विचारलं तर म्हणाले, गेटला लावायचाय.